केरबानं पोचवला तालुक्याचा देव

एका गावात एक भोळा नवरा होता. भोळे नवरे गावोगावी असतात, पण ते बायकोचं ऐकत नाहीत म्हणून निभावून जातं. हा केरबा सगळं ऐकायचा. ऐकलेलं ध्यानात ठेवायचा. आणि ध्यानात ठेवलेलं करायचा. सगळा घोटाळा तिथंच होता.

त्याची बायको हौसा गावची अंगणवाडी चालवायची. बाई हाताची चलाख, जिभेची तिखट आणि गळ्याची गोड. भाकरी थापताना ती गायची आणि केरबा चुलीपुढं बसून ऐकायचा. त्या गाण्याबरोबर तो चार भाकरी खायचा. गाणं नसलं तर दोनच.

मग तालुक्याहून खोक्यात बसून एक फोन आला. हौसाच्या हातात पडला आणि हातातून काही सुटेना. पोरं आली की फोटो. पोरांची वजनं फोनात, उंची फोनात, कोण शिंकलं ते फोनात. खिचडी शिजली की वाट्या मांडून आधी फोटो काढायचा. एखादं पोर हललं की पुन्हा काढायचा. तोवर खिचडी गार आणि पोरं रडकुंडीला. फोटो जाईल एवढी रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर मिळायची, म्हणून तो फोटो पाठवायला हौसा रोज छत्तीस पायऱ्या चढायची. तालुक्याच्या मॅडमचे निरोप तर दिवस मावळल्यावरही यायचे, आणि प्रत्येक निरोपावर 'तातडीचे' असं लिहिलेलं असायचं.

केरबानं एकदा तो खिचडीचा सोहळा बघितला. त्यानं विचारलं, "पोरांच्या आधी ह्याला का दावतीस गं? ह्यो कुठला देव?"

"तालुक्याचा देव!" हौसा करवादली. "रोज निवद मागतो. न्हाई दावला तर कोपतो."

"अस्सं व्हय," केरबा म्हणाला, आणि त्यानं फोनला लांबून हात जोडले.

हळूहळू हौसाचं डोकं दुखायला लागलं. झोप उडाली. डोळा लागलाच तर झोपेत अंगठा हलायचा. भाकऱ्या करपायला लागल्या, आणि एक दिवस केरबाच्या ध्यानात आलं की चुलीपुढं गाणं ऐकून महिना झाला. तो दोन भाकऱ्यांवर आला होता. त्यानं बायकोला उठवलं आणि थेट डॉक्टरकडं नेलं.

डॉक्टरांनी नाडी बघितली, डोळे बघितले. मग ते केरबाला म्हणाले, "यांना झोप हवीय. गोळ्या देतो, पण गोळ्यांनी भागणार नाही. असंच चाललं तर गौरी-गणपती होईतो बाई अंथरूण धरतील. फोन यांच्यापासून लांब ठेवायचा. ठेवाल?"

"ठेवीन की," केरबा म्हणाला.

घरी आल्यावर त्यानं विचार केला. दुसरी खोली म्हणजे लांब नव्हे. तिथं मांजरसुद्धा दोन उड्यांत जातं. शेजाऱ्याचं घरही लांब नव्हे. मग त्यानं फोन धोतराच्या सोग्यात बांधला, तीन कोस चालत भैरोबाच्या डोंगरावर गेला आणि देवळाच्या कट्ट्यावर ठेवून आला. आता झालं लांब.

डोंगरावर रेंज मोकळीढाकळी होती. फोन वाजायला लागला तो थांबेना. तिथं सिदूतात्या शेळ्या राखत होता. त्यानं वैतागून फोन कानाला लावला.

पलीकडून तालुक्याच्या मॅडम म्हणाल्या, "लहान किती आहेत, लवकर सांगा."

"चौदा," सिदूतात्या म्हणाला.

"वजनं?"

"दिवाळीपत्तूर बारा-बारा किलो भरतील."

"अशक्त कोणी?"

"एक काळं हाय. ते बाजारात काढनार हाय."

मॅडमनी फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी हौसाच्या नावाची नोटीस आली. हौसा तीन कोस गेली, डोंगर चढली, फोन घेऊन तीन कोस परत आली. तिचे पाय सुजले होते.

"अवं, फोन असा टाकून याचा असतो का?" ती म्हणाली. "म्या पडले असले आन् कुणी बोलावलं, तर सांगायचं, बाई मिटिंगला गेल्यात, उद्या बघा. झालं."

"अस्सं व्हय," केरबा म्हणाला. "मग आधी न्हाई का सांगायचं? पुढच्या बारीला ध्यानात ठेवतो."

आणि त्यानं ठेवलं.

रविवारी दुपारी हौसाचा जरा डोळा लागला. तेवढ्यात दारात जीप थांबली. हौसाचा भाऊ वसंता आला होता. बहिणीची तब्येत ऐकून आईनं त्याला पाठवलं होतं. चार दिवस माहेरी न्यायचं, आईच्या हातचं खायला घालायचं, झोपू द्यायचं, असा बेत होता.

केरबा दारात उभा राहिला. "बाई मिटिंगला गेल्यात," तो म्हणाला. "उद्या बघा."

"अवो दाजी, म्या वसंता."

"वळखलं की. बाई मिटिंगला गेल्यात."

"रविवारची मिटिंग? आन् आक्काच्या चपला तर हितंच हायत."

"अनवाणी गेल्यात."

आतून हौसाच्या घोरण्याचा आवाज आला. वसंतानं केरबाकडं बघितलं. केरबानं वसंताकडं बघितलं.

"उद्या बघा," केरबा म्हणाला.

वसंता जीप वळवून निघून गेला. रागारागात तो आईनं दिलेल्या लाडवांचा डबाही परत घेऊन गेला. हौसा उठली, तिला सगळं कळलं आणि ती मटकन खाली बसली. माहेरचे चार दिवस दारातून माघारी गेले होते. डोळ्यांतलं पाणी पुसून ती म्हणाली, "दारात आलेल्याला घालवायचं नसतं वो. पाय धुवायला पाणी द्यायचं. पाटावर बसवायचं. किती न्हाई न्हाई म्हणालं तरी पोटभर जेवल्याबिगर उठू द्यायचं न्हाई. मानसाची रीत हाय ती."

"अस्सं व्हय. मग आधी न्हाई का सांगायचं?"

आठवडाभरात तालुक्याच्या मॅडम स्वतःच आल्या. त्यांना त्या दिवशी पाच गावं तपासायची होती. प्रत्येक गावी फोटो काढायचा, आणि फोटोवर वेळ उमटली पाहिजे असा त्यांच्या साहेबांचा हुकूम होता. मॅडमच्या वर साहेब होते, साहेबांच्या वर आणखी कोणी होतं, आणि सगळ्यांच्या हातात एकेक फोन होता. अंगणवाडी सुटलेली दिसली म्हणून मॅडम घरी आल्या. हौसा टाकीच्या जिन्यावर चढून खिचडी पाठवत होती.

"हौसाबाईंना बोलवा," मॅडम म्हणाल्या. "मला पाच मिनिटांत निघायचंय."

केरबानं तांब्या पुढं केला. "पाय धुवा."

"अहो, मला वेळ नाही."

"पाटावर बसा."

"मी सांगतेय काय, तुम्ही..."

"न्हाई न्हाई म्हणालात तरी बसवायचं हाय," केरबा म्हणाला आणि त्यानं दाराला आतून कडी घातली.

त्यानं पिठलं हाटलं. भाकऱ्या थापल्या. कांदा बुक्कीनं फोडला. मॅडम पहिल्यांदा ओरडल्या, मग त्यांनी घड्याळ बघितलं, मग त्यांच्या नाकात पिठल्याचा वास गेला. गरम जेवण पुढ्यात आल्याला त्यांना किती दिवस झाले होते ते त्यांचं त्यांना माहीत. तिसऱ्या भाकरीला त्या गप्प झाल्या. चौथ्या भाकरीनंतर नुसतं पाठ टेकते म्हणून त्या बाजेवर टेकल्या, आणि तिथंच त्यांना गाढ झोप लागली. फोन वाजला. केरबानं उचलून साहेबांना सांगितलं, "जेवन झालंय, पर अजून उठल्या न्हाईत," आणि ठेवून दिला.

मॅडम उठल्या तेव्हा उन्हं उतरली होती. चार गावं राहिली होती आणि फोनवर साहेबांचे एकोणीस निरोप होते, सगळे तातडीचे. जाताना त्या हौसाला म्हणाल्या, "आता गेल्या वर्षभराची सगळी माहिती पुन्हा भरायची. गणपतीच्या आत."

हौसानं कपाळाला हात लावला. त्यानंतरचे आठ दिवस तिनं पाठ टेकली नाही. ओरडायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. ती हळूच म्हणाली, "अवं, ज्याची जायची येळ झाली त्याला अडवून ठेवायचं नसतं. हातावर दही घालायचं आन् गाडीत बसवून वाटंला लावायचं."

"अस्सं व्हय," केरबा म्हणाला. "मग आधी..."

"सांगितलं न्हवतं," हौसा म्हणाली. "चुकलं माझं."

गणपती बसले. पाचव्या दिवशी घरच्या गणपतीला पोचवायचं होतं. हौसाच्या फोनवर निरोप आला की सणाच्या दिवशी पोरांनी काय खाल्लं तेही कळवा. ती छत्तीस पायऱ्या चढायला निघाली. जाताना म्हणाली, "आरती झालीया. द्येवाचं तुमी उरका. निघायची येळ टळू देऊ नका."

निघायची वेळ म्हटल्यावर केरबाला सगळं आठवलं. त्यानं गणपतीच्या हातावर दही घातलं. पाट उचलला, एसटीच्या थांब्यावर गेला आणि गाडी आल्यावर गणपतीला खिडकीजवळ बसवलं.

कंडक्टर म्हणाला, "कुठलं तिकीट?"

"कैलास," केरबा म्हणाला.

"गाडी तालुक्यापर्यंतच जाते."

"तितकं द्या. फुडचं त्यांचं ते बघतील."

त्यानं तिकीट देवाच्या पाटाखाली खोचलं, कंडक्टरला "जरा संभाळून उतरवा" म्हणाला आणि समाधानानं घरी आला.

हौसाला पुढच्या गाडीनं तालुक्याला जावं लागलं. गणपती डेपोतल्या चौकशीच्या खिडकीत बसले होते आणि येणारे-जाणारे त्यांनाच गाड्यांच्या वेळा विचारत होते. हौसानं तिथल्याच नदीवर विसर्जन केलं आणि दिवे लागता लागता घरी आली. तिच्या अंगात कणकण होती. डॉक्टर म्हणाले होते तसंच होणार, हे केरबाला दिसत होतं. त्यानं तिच्यापुढं पेज ठेवली आणि म्हणाला, "हौसे, म्या करतो ते समदं उलटंच हुतंय गं. ह्येबी नीट सांग एकदा."

बिचारा रडवेला झाला होता. हौसाचा राग गेला. तिनं लहान पोराला सांगावं तसं सांगितलं, "हे बघा. द्येवाला पाटावर बसवलं, फुलं वाहिली, दिवा लावला, हात जोडून निरोप दिला, की वाजतगाजत नदीवर न्यायचं. तीन बुडक्या देऊन पान्यात सोडायचं. 'पुढल्या वर्षी लवकर या' म्हणायचं. आन् येताना नदीची चिमूटभर वाळू घेऊन याचं. एवढंच."

"एवढंच," केरबा म्हणाला. दोन दिवस तो हे बोटं मोजत घोकत राहिला.

सातव्या दिवशी तालुक्याला ताणमुक्ती शिबिर होतं. सेविका दमल्यात असं वर कोणाच्या तरी लक्षात आलं होतं, म्हणून त्यांना सुट्टीच्या दिवशी बोलावलं होतं. यायचं सक्तीचं होतं. आल्याचा फोटो पाठवायचा होता. बसल्यावर फोनवर चाळीस प्रश्न भरायचे होते, त्यातला पहिला 'तुम्हाला ताण आहे का?' असा होता. हौसाचा फोन त्याच प्रश्नावर सहा वेळा अडकला. अंगात कणकण होती म्हणून केरबा तिच्यासोबत आला होता.

चाळीस सेविका आणि मॅडम सभागृहात बसल्या. शिबिराचे गुरुजी शहरातून आले होते. त्यांचा आवाज साजूक तुपासारखा होता. त्यांनी समई लावली. शेजारच्या पाटावर एक मोठी टोपली ठेवली आणि म्हणाले, "भगिनींनो, आज दोन तास सुटका. प्रत्येकीनं आपला फोन या टोपलीत ठेवायचा. वर एक फूल वाहायचं. हात जोडायचे आणि मनापासून निरोप द्यायचा."

एकेक बाई उठली. फोन, फूल, नमस्कार. फोन, फूल, नमस्कार. मॅडमचे दोन होते, त्यांनी दोन फुलं वाहिली. बेचाळीस फोन झाले. केरबा दारात उभं राहून बघत होता आणि त्याची बोटं आपोआप मोजायला लागली होती.

"हे नीट सांभाळा हं," म्हणत गुरुजींनी टोपली त्याच्याकडं दिली आणि बायकांना डोळे मिटायला सांगितलं. दहा मिनिटांत सगळ्या सभागृहात श्वासांशिवाय आवाज नव्हता. भिंतीला टेकून हौसा झोपली होती. मॅडम तोंड उघडं टाकून झोपल्या होत्या. गुरुजी थोडा वेळ हळू आवाजात बोलत राहिले, मग तेही झोपले.

केरबा टोपलीजवळ बसून हिशोब जुळवत होता. हा तालुक्याचा देव, हे हौसानंच सांगितलं होतं. पाट झाला. फुलं झाली. दिवा झाला. निरोपही दिला, तोही एक्केचाळीस जणींनी. मग राहिलं काय? हौसाला उठवून विचारावं असं त्याला एकदा वाटलं. तो तिच्याजवळ गेला. तिच्या कपाळावरची आठी मोडली होती आणि अंगठा हलत नव्हता. कितीतरी महिन्यांत तिला असं झोपलेलं त्यानं बघितलं नव्हतं. उठवायचं त्याच्या जिवावर आलं. सांगितलंय तिनं सगळं, आता आपणच उरकू, असं म्हणून त्यानं टोपली डोक्यावर घेतली.

बाहेरून सात दिवसांच्या गणपतीची मिरवणूक चालली होती. वाजतगाजतची सोय आयती झाली. केरबा मागं जाऊन उभा राहिला.

ढोलवाल्यानं विचारलं, "काका, तुमचा गणपती कुठाय?"

"टोपलीत हाय," केरबा म्हणाला. "बारीक बारीक हायत. बेचाळीस."

वाटेत टोपलीतले देव थरथरत होते, किणकिणत होते, मध्येच उजळत होते. साहेब निरोपावर निरोप पाठवत होते. देव जागृत आहेत, असं केरबा शेजारच्याला म्हणाला.

नदीवर त्यानं घाई केली नाही. एकेकाला तीन बुडक्या दिल्या. बेचाळीस त्रिक एकशे सव्वीस बुडक्या मोजून दिल्या आणि प्रत्येक वेळी मोठ्यानं ओरडला, "पुढल्या वर्षी लवकर या!" शेवटच्या देवानं दुसऱ्या बुडकीपर्यंत उजेड दाखवला. तिसरीला विझला. मग केरबानं टोपली धुतली, तळाशी ओंजळभर वाळू घेतली आणि परत आला.

सभागृहात नुकत्याच सगळ्या जाग्या झाल्या होत्या. वर्षभरात लागली नव्हती अशी झोप लागली होती. चेहरे कसे ताजे दिसत होते. मॅडम आळस देत म्हणाल्या, "आणा हो आमचे फोन."

केरबा रांगेनं फिरला आणि प्रत्येकीच्या तळहातावर चिमूटभर वाळू ठेवत गेला. मॅडमना त्यानं दोन चिमटी दिल्या.

"हे काय?" मॅडमनी विचारलं.

"नीट पोचवलं," केरबा म्हणाला. "सगळ्यांना तीन-तीन दिल्या."

हौसानं वाळूकडं बघितलं. रिकाम्या ओल्या टोपलीकडं बघितलं. मग नवऱ्याकडं बघितलं. सभागृहात एकच कालवा उठला. कोणी रडलं, कोणी ओरडलं, गुरुजी मागच्या दारानं गेले. मग एक बाई फिसकन हसली. तिचं बघून दुसरी हसली, आणि थोड्या वेळानं कोण रडतंय आणि कोण हसतंय ते कळेना.

केरबावर कारवाई करायचं ठरलं. पण कारवाईचा अर्ज फोनवरच भरायचा होता. नवे फोन मागवायचं ठरलं. पण साहेब म्हणाले, आधी जुन्या फोनचा अहवाल पाठवा, आणि अहवाल फोनवरूनच पाठवायचा होता. तेव्हा सगळ्यांनी माळ्यावरच्या जुन्या वह्या काढल्या. सेविका पेनानं लिहायला लागल्या. पोरं गरम खिचडी खायला लागली आणि फोटो नसतानाही त्यांची वजनं वाढली. मॅडम महिन्यातून एकदा गाडी वाकडी करून केरबाकडं यायच्या, आपणहून पाय धुवायच्या आणि पाटावर बसायच्या. वसंता येऊन बहिणीला माहेरी घेऊन गेला, चारांचे आठ दिवस झाले.

माहेरहून आली त्या सकाळी हौसा भाकरी थापत होती. केरबा चुलीपुढं बसला होता. तिसऱ्या भाकरीला ती गुणगुणली. चौथीला तिनं गळा मोकळा सोडला. केरबानं त्या दिवशी पाच भाकऱ्या खाल्ल्या आणि त्याला हुंदका आला म्हणून पाचवी घशात अडकली. हौसानं त्याच्या पाठीत दोन धपाटे घातले आणि गाणं पुढं चालू ठेवलं.

असं वर्ष गेलं. पुढच्या गणपतीला अजून पंधरा दिवस होते आणि तालुक्याहून गाडी आली. गाडीत खोकी होती. खोक्यांत बेचाळीस कोरे फोन होते.

चाळीस बायकांची तोंडं उतरली. मॅडमचंही उतरलं. साऱ्या तालुक्यात एकट्या केरबाला आनंद झाला. तो हौसाला म्हणाला, "बघ! म्या एकशे सव्वीस बारी वरडलो हुतो. आले का न्हाई लवकर?"

खोक्यातला फोन खोक्यातच वाजायला लागला होता. हौसानं नवऱ्याला जवळ बसवलं आणि शांतपणे म्हणाली, "अवं, समदं बरोबर केलंत. एकच चुकलं. 'लवकर' म्हणायला नको हुतं."

"अस्सं व्हय," केरबा म्हणाला. "मग आधी न्हाई का सांगायचं?"

हौसा तोवर माळ्यावर चढली होती. ती टोपली शोधत होती.